परदेशात व्हॉलंटियरिंगला पैसे भरून पाठवावं का? विद्यार्थिनीसाठी सल्ला हवाय

मखमलाबादची_मॅडम:
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, कोकणा समाजातली, इथेच हॉस्टेलला राहून बीएस्सी जिऑलॉजी करतेय, शेवटचं वर्ष. नुसती मार्कांची हुशार नाहीये. गावच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडते, ओली दोरी आणि कोरडी दोरी कुठपर्यंत ते बघून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहिते, दर महिन्याला, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नाही. पावसाळ्यात तिकडे धो धो पाऊस आणि मार्च-एप्रिल आला की टँकरची वाट, असं का होतं ते शिकायचंय म्हणते आणि त्यासाठी बाहेर मास्टर्स करायचंय.

आता झालंय असं की एका कन्सल्टन्सीवाल्याने तिला सांगितलंय, नेपाळ नाहीतर कंबोडियाला दोन आठवडे अनाथाश्रमात व्हॉलंटियरिंग कर, दीड लाख भर, सर्टिफिकेट मिळेल, मग फॉरेन युनिव्हर्सिटीत अॅडमिशन सोपं. वडील घरची भात-नागली बघतात आणि सीझनला दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला येतात, ते म्हणतात हे सगळं सोड आणि भरतीचा फॉर्म भर. पोरगी कर्ज काढायच्या गोष्टी करायला लागलीये. तिचं मन मोडायचं नाही पण पैसेही बुडू द्यायचे नाहीत. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

सातपूरचा_बाळू:
मॅडम एक रुपया देऊ नका. सेवा करायला जायचं आणि वर आपणच दीड लाख द्यायचे, हा काय प्रकार भो?

इंदिरानगर_निशिगंधा:
बाळूदादांशी सहमत, पण कारण थोडं नीट सांगते कारण पोरीला "नको" एवढंच सांगितलं तर ती ऐकणार नाही. नेपाळ-कंबोडियातल्या अशा अनाथाश्रमांबद्दल युनिसेफसकट बऱ्याच संस्थांनी आधीच इशारे दिलेत. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत असतात, परदेशी पाहुणे पैसे देतात म्हणून मुलं गोळा करून ठेवली जातात. दर दोन आठवड्यांनी नवीन ताई-दादा येणार, मूल लळा लावून घेणार आणि हे निघून जाणार. तिला हे असंच सांगा, पाड्यावरची पोरगी आहे, आश्रमशाळेतली मुलं तिने जवळून बघितली असतील, तिला लगेच कळेल.

आणि अॅडमिशनचं म्हणाल तर जिऑलॉजीच्या मास्टर्सला अनाथाश्रमाचं सर्टिफिकेट कोण बघतंय? कमिटीला वाचायचं असतं की हिला हाच विषय का. ती विहिरीची वही हे त्याचं उत्तर आहे. ती स्कॅन करून ठेवायला सांगा आजच, हॉस्टेलात वह्या हरवतात.

बॉनहून_परत:
मी थोडा वेगळा सूर लावतो. परदेशात व्हॉलंटियरिंग म्हणजे सगळीच फसवणूक असं नाहीये. मी स्वतः जर्मनीत एक वर्ष वृद्धाश्रमात काम केलंय, त्याला एफएसजे म्हणतात, वय २७ च्या आत लागतं. तसंच दुसरं बीएफडी, ते त्यांच्या सरकारने २०११ ला सुरू केलं, त्याला वरची वयाची अट नाही. यात उलट तेच तुम्हाला दर महिन्याला पॉकेटमनी देतात, विमा देतात, बऱ्याच ठिकाणी राहायला खोली आणि जेवणपण, आणि वर्षात २५ दिवस सेमिनारला पाठवतात. भाषा मात्र यायलाच पाहिजे, कागदावर काहीही लिहिलेलं असो, आजीबाईंना सकाळी सहाला उठवून आंघोळीला न्यायचं तर त्या जे बोलतात ते समजायला हवं ना, जर्मनच्या बी१ लेव्हलपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतकं, गेलात तर निभावतं. काम सोपं नाही, पाठ मोडते, नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो आणि घरची आठवण येते ती वेगळीच. पण भाषा आली, लोक कळले, आणि नंतर तिथल्या युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरताना भीती उरली नाही.

म्हणजे माझं म्हणणं, जो कार्यक्रम तुम्हाला सांभाळतो तो बघा, जो तुमच्याकडून फी घेतो तो सोडा. युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स, हेड ऑफिस बॉनलाच आहे, १९७० पासून चालतंय, त्यांची कुठल्याही टप्प्यावर फी नसते. आणि त्यांचं ऑनलाइन व्हॉलंटियरिंगपण आहे, १८ पूर्ण असलं की घरबसल्या करता येतं, भाषांतर, नकाशे, डेटा वगैरे. हॉस्टेलच्या वायफायवर होण्यासारखं काम आहे. तिने तिथून सुरुवात करावी.

अजून एक, टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरिंग बऱ्याच देशांत चालत नाही. तो कन्सल्टन्सीवाला कुठला व्हिसा देतोय ते विचारा, मग बघा कसा फोन उचलायचं बंद करतो.

सिडको_एसटीस्टँड:
हे सगळं ठीक आहे पण वडिलांचंपण चूक नाही हो. घरात एक पगार आला की चार माणसं उभी राहतात. आधी भरती देऊ दे, नोकरी लागली की मग जाऊ दे लंडनला.

मखमलाबादची_मॅडम:
@सिडको मान्य आहे दादा, वडिलांना मी पण नाही म्हणत नाही. फक्त भरतीच्या मागे चार-पाच वर्षं गेलेली पोरं मी बघते ना, अभ्यासिकेत बसून बसून विषयच विसरतात. तिने दोन्ही करावं असं वाटतं. पण पैशाचं काय? दीड लाखालाच कर्ज काढायला निघालीये, मास्टर्सचे वीस-तीस लाख कुठून आणणार.

गडकरी_चौक:
मॅडम पैशाचा रस्ता आहे आणि तो तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, आदिवासी विकास भवन. परदेशी शिक्षणाची राज्याची स्कॉलरशिप तिथल्या खात्याकडून, आणि केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज वेगळी, त्या स्कॉलरशिपच्या वर्षाला फक्त २० जागा, त्यातल्या ३ आदिम जमातींसाठी. जागा कमी वाटतात पण अर्जच नीट भरलेले नसतात हो, निम्मे लोक कागदांवर गळतात. उत्पन्नाची मर्यादा आणि युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट बदलत राहते त्यामुळे त्या वर्षीची जाहिरातच वाचा, कुणाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर जाऊ नका.

सगळ्यात आधी विचारा, जात वैधता झालीये का? नसेल तर उद्याच अर्ज. ऑफर लेटर हातात आणि व्हॅलिडिटी अडकलेली, अशी पोरं रडताना बघितलीत. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले, जुने महसूल कागद गोळा करायला लागा, समिती पण त्याच भवनात आहे. हे वडिलांना सांगा, भरतीलापण हाच कागद लागतो, मग ते स्वतःच धावपळ करतील!

इंदिरानगर_निशिगंधा:
गडकरी चौक यांनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात भर घालते. युरोपात इरॅस्मस मुंडस म्हणून जॉइंट मास्टर्स असतात, दोन-तीन देशांत फिरून शिकायचं, स्कॉलरशिप मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १४०० युरो. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करता येतो. भूजलावरचा एक आहे, ग्राउंडवॉटच, लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन मिळून, हा तर तिच्या विहिरीसाठीच काढलाय असं वाटेल. यंदा त्याला स्कॉलरशिप आहे का ते इरॅस्मस मुंडसच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये तपासा.

ब्रिटन सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप नंतर बघा, त्याला २८०० तासांचा अनुभव लागतो, साधारण दोन वर्षं. पण त्यात बिनपगारी काम धरतात. म्हणजे इथे नाशिकमध्येच पाण्यावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत ती लागली, पेठ-सुरगाण्यात पाणलोटाचं काम केलं, तर ते तास मोजता येतात. फक्त किती तास, काय काम, कुणाच्या हाताखाली हे लेटरहेडवर लिहून घ्यायचं, नंतर साहेब बदलला की कुणी सही देत नाही.

आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, आत्ता घाईने देऊ नका, निकाल दोनच वर्षं चालतो आणि फी अंगावर येते.

बॉनहून_परत:
जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही, बाडेन-व्युर्टेमबर्ग सोडून. पण ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्री-मार्कशीट खरी असल्याची पडताळणी, २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालंय. फी नाही म्हणजे फुकट असं समजून बरेच जण फसतात.

सातपूरचा_बाळू:
तीन वर्षांची बीएस्सी चालते का बाहेर?

बॉनहून_परत:
कोर्सवर आहे. बऱ्याच ठिकाणी चालते, काही ठिकाणी अडवतात. प्रत्येक कोर्सला ईमेल टाकून लेखी उत्तर घ्यायचं. नाहीतर नवीन शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष ऑनर्सचं इथेच करायचं, त्यात रिसर्च प्रोजेक्टला त्या विहिरी घेतल्या तर सोन्याहून पिवळं.

मखमलाबादची_मॅडम:
सगळ्यांचे खूप आभार. काल तिला बोलावून हा धागा वाचायला दिला. व्हिसाचं विचारल्यावर कन्सल्टन्सीवाल्याने "टुरिस्टवरच जातात सगळे" असं सांगितलं, मग तिनेच विषय बंद केला. व्हॅलिडिटी झालेली नाहीये! आजोबांचा दाखला गावच्या शाळेत मिळेल असं वडील म्हणतात. चौथ्या वर्षाचं तिला पटलंय, तिच्या एचओडींशी मी बोलते. शिफारसपत्र माझं चालेल का? मी तिला फक्त बारावीला शिकवलंय.

इंदिरानगर_निशिगंधा:
युनिव्हर्सिटीसाठी कॉलेजचे प्राध्यापकच लागतात, बहुतेक दोन जण. तुमचं पत्र पाणलोटाच्या संस्थेत लागायला कामी येईल. आणि लिहिताना "अतिशय मेहनती व नम्र" वगैरे नको, दोरी-दगडाचं लिहा.

गडकरी_चौक:
आणि पासपोर्ट काढताना दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव जसं आहे तस्संच, स्पेलिंगसकट. आमच्याकडे आधारवर एक, दाखल्यावर एक, मार्कशीटवर तिसरंच असतं. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मगच अपॉइंटमेंट.