क्लबहाऊसमधली खळ, सावंतवाडी आणि नारळाचं दूध

ए-१०३ (स. ७:४२)
नमस्कार. कोणाला दुखवायचा हेतू नाही. आज योगासाठी क्लबहाऊस उघडलं तर लाद्यांवर लाल-जांभळे डाग, कोपऱ्यात कामट्यांचे ढलपे, आणि मैद्याच्या खळीचं पातेलं उघडंच. त्यात झुरळं. आम्ही चटया उचलून लॉबीत बसलो. मुलांचे दिवाळीचे कंदील जरूर करा, पण मागे आवरायचं कोणी?

डी-१०१ खजिनदार काका
क्लबहाऊसची चावी रात्री ९ पर्यंत वॉचमनकडे जमा करणे. ठराव झालेला आहे.

ए-४०१ काकू
मीच उत्तर देते. मुलांच्या कंदिलांचे सांगाडे ओले होते, हलवले असते तर सांधे सुटले असते, म्हणून रात्रभर तिथेच ठेवले. पातेलं बी विंगने न्यायचं ठरलं होतं. पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो, लगेच पुसला की जातो.

बी-२०४ दादा
काकू, विंगचं नाव नको. आम्ही साडेआठला निघालो. ग्रुपवर फोटो आहे.

ए-४०१ काकू
फोटोत पातेलंही आहे 🙏

सी-३०५ काका
🌸 शुभ सकाळ 🌸 आजचा दिवस आनंदात जावो

बी-६०१
बी विंगला पाणी नाही. पंप कोणी बंद केला?

सेक्रेटरी
पंप चालू केला आहे, वीस मिनिटं द्या. क्लबहाऊसचं दोन्ही बाजूंनी शांतपणे बोलू या, ही विनंती.

ए-१०३
शांतपणेच बोलतेय, सर. गणपतीत रांगोळीच्या वेळीही हेच झालं होतं, तेव्हाही मीच पुसलं होतं.

बी-७०२ आजी
खळीत चिमूटभर मोरचूद घालावं. आमच्या गावचा बाइंडिंगवाला घालायचा, वर्षभर कीड लागत नसे.

ए-१०३
आजी, मुलं बोटं चाटतात हो!

बी-३०१ डॉक्टर
मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, मुलांच्या हातात अजिबात नको. पोटात गेलं तर उलट्या होतात, जास्त गेलं तर यकृत आणि किडनीला इजा होते. खळ रोज लागेल तेवढीच शिजवा, उरलेली टाकून द्या.

डी-१०१ खजिनदार काका
चावी रात्री ९ पर्यंत.

ए-४०१ काकू
काका, चावी कालही वेळेत दिली होती. वॉचमनच्या वहीत सही आहे.
आता थोडं मनातलं लिहिते. बाजारात घडीचा कंदील पाकिटात मिळतो, उघडला की टांगला. काल सी विंगचा एक मुलगा कामटी वाकवत होता, ती पुन्हा पुन्हा मोडत होती. रडकुंडीला आला. मग त्याचा त्यानेच बादलीत कामटी भिजवून पाहिली, आणि ती वाकली. त्याचा चेहरा बघायला हवा होता! हे मला पाकिटातून विकत आणता येत नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी चार जिने उतरून येते. लिफ्ट चालू असो वा नसो.

बी-२०४ दादा
लिफ्टचा विषय काढू नका, काका जागे होतील.

बी-७०२ आजी
मैद्याची नको असेल तर चिंचोक्याची खळ करा. चिंचोके कढईत भाजायचे, तडकायला लागले की उतरवायचे. गार झाले की कुटून सालं पाखडायची. आतला गर रात्रभर भिजवून वाटायचा आणि पाण्यात ढवळत शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. गोंदासारखी चकाकी आली की झाली. माझं माहेर सावंतवाडी. तिथे गंजिफा या जुन्या खेळाचे हाताने रंगवलेले पत्ते याच खळीवर करत आले आहेत. कापडाचे थर खळीने चिकटवायचे, वर खडूचा हात द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, मग रंग आणि शेवटी लाख.

बी-२०४ दादा
आजींनी सावंतवाडी काढलीच आहे तर विचारतो, सहलीचं काय झालं? कोजागिरीला ठरलं होतं, मग मेनूवर अडलं.

सी-६०३
मेनूवर अडलं नव्हतं, दादा. मी व्हेगन आहे, म्हणून एवढंच विचारलं होतं की माझं मसाला दूध नारळाच्या दुधात करून आणलं तर चालेल का. त्यावर "आता दुधाचंही सोवळं" असा मेसेज आला. आता तो डिलीट केलेला दिसतो.

ए-२०२
मीच लिहिला होता. चेष्टा होती गं.

सी-६०३
असेल. पण त्या रात्री गच्चीवर सगळ्यांना दूध वाटत होते आणि मी माझा थर्मास पिशवीतून काढला नाही. घरी जाऊन प्यायले.

सी-३०५ काका
व्हेगन म्हणजे जैन का?

सी-६०३
नाही काका. दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध, अंडी, मांस-मासे काही नाही. कांदा, लसूण, बटाटा सगळं चालतं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर माझं भागत नाही, कारण तो दुधाच्या पदार्थालाही असतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणले, त्यासाठी हिरव्या व्हीचं निराळं चिन्ह आहे.

सी-३०५ काका
मग सावंतवाडीत हिने खायचं काय? तिकडे मासे नि मासे.

बी-७०२ आजी
तुम्ही आमच्याकडे सोमवारी जेवायला आलेला नाहीत, म्हणून असं म्हणता. कोकणात सोमवार आहे, संकष्टी आहे, श्रावण आहे, त्या दिवशी आम्ही उपाशी बसतो का? काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. आंबोळीचं पीठ रात्री भिजवलं की सकाळी फुगून वर येतं, त्यात दह्याचा थेंब लागत नाही. अळसांद्यांची उसळ. कुळथाची पिठी आणि भात, वर कोकमाचं आंबट. घावणे आणि नारळाची चटणी. गोड म्हणाल तर शिरवळ्या: तांदळाच्या उकडीच्या गरम गोळ्यांच्या शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवायच्या. खापरोळीही तशीच, रसात भिजलेली. आमच्या गोठ्यात गाय होती, पण दूध वासराला आणि चहाला. स्वयंपाक सगळा नारळावर. ही पोर जे मागते आहे ते आमच्या चुलीवर रोज शिजत होतं, त्याला कोणी नाव दिलं नव्हतं एवढंच.

सी-६०३
आजी ❤️ शिरवळ्या मी कधीच खाल्ल्या नाहीत.

बी-७०२ आजी
ये रविवारी. सोऱ्या माझ्याकडे आहे, दाबायला जोर तुझा.

ए-४०१ काकू
सहलीत सोलकढी मागताना विचारून घ्या, काही ठिकाणी त्यात ताक मिसळतात. आणि घावण्याचा तवा वेगळा आहे का तेही. बऱ्याच खानावळीत त्याच तव्यावर बांगडा तळलेला असतो.

ए-२०२
एक शंका, आणि चेष्टा नाही. लाख तर किड्यापासून होते ना? मग गंजिफा चालतील का तुला?

सी-६०३
बरोबर विचारलंत. लाख कीटकांच्या स्रावापासून होते. जुन्या सुतारकामातला सरसही जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो. त्यामुळे लाखेचं काम मी विकत घेणार नाही. सावंतवाडीत लाकडी खेळणी मिळतात त्या चितार आळीतून रंगवलेली लाकडी फळं घेईन, तीही विचारून. पण कारागिराचा हात चालताना बघायला मला तासन्‌तास बसायचं आहे. त्याच्या पिढीजात कामाला नावं ठेवायला मी जात नाहीये.

ए-२०२
हे पटलं. त्या दिवशीच्या मेसेजचं मनावर घेऊ नकोस. पुढच्या कोजागिरीला नारळाच्या दुधाचं मोठं पातेलं मी करते.

डी-१०१ खजिनदार काका
चावीबद्दल कोणीच बोलत नाही.

सेक्रेटरी
काका, चावी ९ लाच जमा होईल, मी स्वतः बघतो.

ए-५०४ मास्तर
गंजिफाबद्दल थोडं. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला विसाव्या शतकात मरायला टेकली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी कारागिरांना राजवाड्यात जागा दिली, स्वतः शिकले, म्हणून ती टिकली. मुलांना हे राजवाड्यातच दाखवायला हवं, मोती तलावासमोर. मोबाईलवर दाखवून उपयोग नाही.

ए-४०१ काकू
मास्तर, मग कंदिलानंतर मुलांकडून गोल पत्तेच करून घेऊ या! जुन्या सुती साड्यांचं कापड आणि आजींची खळ. एकेका मुलाला एकेक अवतार.

बी-२०४ दादा
माझ्या पोराला कूर्म द्या, तो तसाही सकाळी तेवढ्याच वेगाने उठतो.

ए-१०३
मी सकाळी चिडून लिहिलं, पण डाग खरेच आहेत. काकू, रद्दी माझ्याकडे भरपूर आहे, संध्याकाळी आणते, अंथरून बसवा. आणि धाकट्याला चांदणी शिकवाल का? तो काल दारातून बघून परत आला. मला वाटलं, मोठ्यांचंच आहे.

ए-४०१ काकू
अगं, पाठव की! वेळ ५ ते ८. खळ मी रोज घरून डब्यात आणीन आणि उरलेली घरी नेईन. कामट्या सोलायचं काम बी विंगकडे, चाकू मोठ्यांनीच धरायचा. लाद्या आज मी आणि दादा पुसतो.

बी-२०४ दादा
मी?

बी-३०१ डॉक्टर
फोटोत तुम्हीच पातेल्याशेजारी उभे आहात.

बी-२०४ दादा
येतो. फिनेल कोणाकडे आहे?

सेक्रेटरी
ऑफिसात आहे. आता सहल. जानेवारीचा दुसरा शनिवार ठेवू या, बँकवाल्यांनाही सुट्टी. नाताळात गोव्याच्या गर्दीने गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तुतारी एक्स्प्रेस बरी, ठाण्याला थांबते आणि सावंतवाडी रोडलाच संपते, त्यामुळे उतरायची घाई नाही. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा-टेम्पो आधी सांगून ठेवावे लागतील. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं आहे. म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी ८ ला फोन हातात घेऊन बसायचं.

ए-५०४ मास्तर
तारखेचं नीट बघा. तुतारी दादरहून मध्यरात्री १२ नंतर सुटते. शुक्रवारी रात्री जेवून घरातून निघायचं, पण तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. शुक्रवारचं काढलंत तर गाडी आदल्याच रात्री गेलेली असेल.

सी-३०५ काका
हे पिन करा कोणीतरी.

सेक्रेटरी
केलं. नावं, वयं आणि जेवणाचं काय ते मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको.

सी-६०३
माझं आणि आईचं नाव घ्या. आई दूध-तूप सगळं खाते, तिचं वेगळं लिहा.

बी-७०२ आजी
मला खालचा बर्थ. आणि ज्यांच्या घरी चिंच फोडतात त्यांनी चिंचोके टाकू नका, माझ्या दारात पिशवी अडकवली आहे.