पेशींच्या लेपावरून संप्रेरकांचा अंदाज कितपत विश्वासार्ह?

प्रश्न (फोंडा): माझ्या आईची पाळी तीन वर्षांपूर्वी बंद झाली. योनीतील पेशींच्या लेपाच्या (काचपट्टीवर पसरून तपासलेल्या नमुन्याच्या) अहवालात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा प्रभाव चांगला असल्याचे लिहिले आहे, परंतु तिला कोरडेपणाचा फार त्रास होतो. अहवालावर विसंबावे का?

उत्तर (मडगाव): ताई, या तपासणीत पॅराबेसल (खालच्या थरातील), मधल्या आणि वरच्या थरातील पेशींचे शेकडा प्रमाण मोजतात. इस्ट्रोजेन वाढले की वरच्या थरातील पेशी वाढतात, हे तत्त्व खरेच आहे. मात्र दाह किंवा जंतुसंसर्ग असेल, अथवा डिजिटॅलिस (हृदयविकारावरील) वा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरील) यांसारखे औषध चालू असेल, तर हे प्रमाण बदलते आणि रक्तातील पातळीशी त्याचा मेळ बसेलच असे नाही. शिवाय नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा लागतो. कर्करोगाच्या चाचणीसाठी गर्भाशयमुखावरून घेतलेल्या लेपावरून असा निष्कर्ष काढणे मला अयोग्य वाटते.

प्रश्नकर्ती: स्तनाच्या कर्करोगानंतर तिला टॅमॉक्सिफेन चालू आहे.

उत्तर (डिचोली): मग लेपात दिसलेला प्रभाव त्या गोळीचाच असू शकतो. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचे मलम तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कृपया लावू नका.