परसातल्या एकिनेशियाचं मूळ कधी खणायचं?

मृदुला_आयोवा

नमस्कार मंडळी. आम्ही डे मॉइनला राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात नर्सरीतून कोनफ्लॉवरची सहा रोपं आणून मागच्या कुंपणाशी लावली. लेबलवर एकिनेशिया पर्प्युरिया, ‘मॅग्नस’ असं लिहिलं होतं. पहिल्या वर्षी दोन-चार फुलं आली. यंदा मात्र जुलैपासून नुसता दंगा, झाडं कमरेला लागतात. आता सप्टेंबर संपत आला, फुलं वाळून त्यांची काटेरी बोंडं झालीत.

दुकानात सर्दीवरचा म्हणून याच्याच चहाचे डबे बघते आणि वाटतं, घरात एवढं असताना विकत कशाला? पण नेमकं वापरायचं काय, मूळ, पानं की फुलं? मुळं असतील तर याच महिन्यात खणू का? काढा करतात की दारूत मुरवतात? आणखी एक, सहातल्या एका झाडाला फुलाच्या जागी हिरवे झुपके आले आणि पानंही पिवळी पडलीत. खत कमी पडलं का?

घरात मुलगी पाच वर्षांची, किंडरगार्टनमधून दर पंधरवड्याला नवी सर्दी घेऊन येते. नवरा ऑगस्टच्या मध्यापासून पहिला फ्रॉस्ट पडेपर्यंत शिंकत असतो, रोज अ‍ॅलर्जीची गोळी. आणि सासूबाई पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना आमवात आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे, थंडी अजिबात सोसत नाही. म्हटलं, सगळ्यांसाठी एकदाच बाटली भरून ठेवावी.

नेब्रास्काची_काकू

मृदुला, अगं आधी ती कुदळ खाली ठेव. दुसऱ्या वर्षाचं मूळ खणणं म्हणजे दुसरीतल्या पोराला नोकरीला लावणं. तीन वर्षं तरी पुरी होऊ देत, चार झाली तर उत्तमच.

मी १९९८ पासून लिंकनला आहे. माहेर सांगलीजवळ, वडिलांची हळद असायची, त्यामुळे जमिनीखालचं काही काढायचं म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मीही हेच केलं होतं. दुसऱ्याच ऑक्टोबरात दोन झाडं उपटली. हातात आलं काय, तर मेथीच्या जुडीच्या मुळ्या असाव्यात तेवढं. वाळल्यावर मूठभरसुद्धा नाही, आणि झाडं गेली ती गेलीच.

चौथ्या वर्षाचं झाड काढायचं ते पाला काळा पडल्यावर. माझा मुहूर्त ऑक्टोबरचा तिसरा-चौथा आठवडा. फावड्याने तुटतं फार, म्हणून मी चार दातांचा फोर्क घेते, बुंध्यापासून वीतभर लांब चारी बाजूंनी घालते आणि हळूहळू उचकटते. पर्प्युरियाचं मूळ गाजरासारखं सरळ नसतं. मुठीएवढा गड्डा आणि त्याला तपकिरी दाढी. सरळ सोटमूळ ते एकिनेशियाच्याच दुसऱ्या जातीचं, अँगस्टिफोलियाचं, आमच्या पश्चिमेकडच्या माळावर आपोआप येतं ते. ते बागेत लावायच्या फंदात पडू नकोस, बी रुजायलाच नाकी नऊ आणतं.

गड्ड्यावर पुढच्या वर्षीचे गुलाबी-पांढरे डोळे दिसतात. हळदीचं बेणं ठेवतो तसं डोळे असलेले दोन-तीन तुकडे थोड्या मुळ्यांसकट बाजूला काढायचे आणि लगेच जमिनीत परत लावायचे. मग झाड मरत नाही, उलट एकाची तीन होतात. मी वर्षाला एकच झाड काढते, घराला तेवढं पुष्कळ होतं.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे. दाढीत माती अडकलेली असते, नळी जोरात सोडून, मग बादलीत, मग जुन्या टूथब्रशने. ओलं असतानाच बारीक कापून घे, वाळल्यावर सुरी चालत नाही. डीहायड्रेटर ९५ फॅरनहाइटवर, त्याच्या वर नको. माझं दीड दिवसात होतं. तुकडा वाकवून बघायचा, काडकन मोडला तर झालं, नुसता वाकला तर अजून ठेव, नाहीतर बरणीत बुरशी धरते. गेल्या वर्षी ४०० ग्रॅम ओल्याचं वाळून १०० ग्रॅमच्या आसपास राहिलं.

आता गंमत. वाळलेला एक तुकडा दाढेखाली धरून चाव. आधी गोडसर, मातकट लागतं आणि मग जिभेचं टोक चुरचुरायला लागतं, मुंग्या, मग थोडं बधिर. लहानपणी दात दुखला म्हणून अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड चघळलं असशील तर लगेच ओळखशील. मला इथे पहिल्यांदा ती मुंगी आली तेव्हा एकदम आजीचं परसू आठवलं. दोन्ही झाडं झेंडू-शेवंतीच्याच कुळातली, आणि जीभ बधिर करणारी द्रव्यंही एकाच घराण्यातली, अल्किलअमाइड म्हणतात त्यांना. ही पाण्यात नीट उतरत नाहीत, दारूत उतरतात. म्हणून मुळाचा अर्क दारूतच करतात.

अर्काला एक भाग सुकं मूळ, पाच भाग व्होडका. १०० ग्रॅमला अर्धा लिटर. साधी ८० प्रूफची, म्हणजे ४० टक्के अल्कोहोलची, चालते, १०० प्रूफची मिळाली तर जास्त बरी. काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात, सहा आठवडे, रोज येता-जाता हलवायची. मग जुन्या मलमलच्या कापडातून पिळून गाळायचा. रंग काकवीसारखा होतो. घसा खवखवायला लागला की मी अर्धा चहाचा चमचा कोमट पाण्यात, दिवसातून तीनदा घेते, दहा दिवसांच्या वर कधीच नाही.

यंदा तुझ्यापुरतं सांगायचं तर मुळांना हात लावू नकोस. पुढच्या जुलैत फुलं नुकती उमलायला लागली की दांडा गुडघ्याएवढ्या उंचीवर काप, वरची पानं-फुलं सावलीत वाळव. त्याचा चहा झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं मुरवायचा. चव गवती, त्यामुळे आलं आणि गवती चहा घातल्याशिवाय मी पीत नाही. तुझं ‘मॅग्नस’ चालेल, ते साधं पर्प्युरियाच आहे. केशरी, पिवळे, दुहेरी पाकळ्यांचे पॉमपॉम असतात ना, ते बहुतेक संकर असतात, ते बागेत शोभेलाच ठेवावेत.

हिरव्या झुपक्यांचं झाड मात्र आजच मुळासकट काढ आणि कचऱ्यात टाक. खताचा काही संबंध नाही. पानं पिवळी आणि बोंडातून पानांसारखे झुपके म्हणजे अ‍ॅस्टर यलोज नावाचा रोग. तुडतुडे एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्याला देतात, उपाय नाही. हातात घेऊन हळहळत बसलीस तर बाकीची पाचही जातील.

अवांतर: आमच्यापासून दीड तासावर पॉनी सिटी म्हणून छोटं गाव आहे. तिथे १८८० च्या दशकात मायर नावाचा एक औषधविक्या ‘रक्तशुद्धी’ची बाटली विकायचा, त्यात अँगस्टिफोलियाचं मूळ. त्याने सिनसिनाटीचे औषध बनवणारे लॉइड यांना कळवलं, तुमच्यासमोर रॅटलस्नेक चावून घेतो आणि माझ्या औषधाने बरा होऊन दाखवतो! त्यांनी नको म्हटलं, पण पुढे त्यांच्याच कंपनीने हे औषध देशभर खपवलं. मूळची माहिती अर्थात इथल्या ओमाहा, पॉनी, लाकोटा या आदिवासी लोकांची. दातदुखी, घसा, सर्पदंश, सगळ्याला ते हे मूळ चघळायचे. वाळक्या बोंडाने केसही विंचरायचे. मी करून बघितलं, माझ्या केसांना नाही जमलं.

टवाळ_कार्टं

काकू, मूळ न घालता नुसती व्होडका सहा आठवडे कपाटात ठेवली तर चालेल का? माझी टिकत नाही एवढे दिवस.

नेब्रास्काची_काकू

अर्धा चमचा दिवसातून तीनदा घेणार असशील तर ठेव.

पुण्याची_गच्ची

कोथरूडच्या गच्चीवर हा प्रयोग करून हात पोळलेली मी. बी मागवलं, ओल्या रेतीत घालून फ्रीजमध्ये सहा आठवडे ठेवलं. घरच्यांनी दोनदा ‘हे काय सडलंय’ म्हणून टाकायला काढलं. दहातली सात रुजली, हिवाळ्यात पानं छान आली, एप्रिल-मे कसाबसा काढला आणि जुलैच्या पावसात कुंडीतल्या कुंडीत बुंधे सडले. एकही फूल नाही. याला पाण्याचा निचरा लागतो आणि झोपायला खरी थंडी लागते. आपल्याकडे अडुळसा फेकला तरी येतो, मी आता त्याच्याशीच संसार मांडलाय.

गोळीवाला

मी न्यू जर्सीत फार्मसीत काम करतो. काकूंचा लागवडीचा भाग वाचून मजा आली. पण मृदुलाताईंच्या प्रश्नातला शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी सोडून दिलाय, आणि खरी गोम तिथेच आहे. एकेक बघू.

तुमचे मिस्टर ऑगस्टच्या मध्यापासून फ्रॉस्टपर्यंत शिंकतात म्हणजे दाट संशय रॅगवीड या तणाच्या परागांचा. रॅगवीड आणि एकिनेशिया एकाच कुळातले, एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते. काहींना अंगावर पित्त उठल्यासारखं, क्वचित दम्याचा झटका. आपल्याकडे ज्यांना गाजरगवताचा त्रास आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावं, तेही याच कुळातलं. गंमत म्हणजे बाजारातल्या एकिनेशियाच्या मुळात वर्षानुवर्षं जी भेसळ व्हायची ती गाजरगवताच्याच एका अमेरिकन भावंडाच्या मुळाची.

सासूबाई. आमवातावर आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव मेथोट्रेक्झेट येतं. पाकीट बघा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते आणि ती गोळी तिला आवर घालते. अशा वेळी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं काहीही देऊ नये. एकिनेशियाबाबत जर्मनीच्या औषधी वनस्पतींच्या समितीनेही अशा आजारांत, तसंच क्षयात आणि एचआयव्हीत, देऊ नका असंच सांगितलं आहे.

मुलगी पाच वर्षांची. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१२ साली बारा वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नये असं जाहीर केलं. त्याआधी २००३ साली सिअ‍ॅटलकडे २ ते ११ वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीचे निकाल आले होते. सर्दीचे दिवस कमी झाले नाहीत, पण अंगावर पुरळ येण्याचं प्रमाण ७.१ टक्के, नकली औषध घेतलेल्यांत २.७ टक्के. वर काकूंचा अर्क व्होडकातला.

मोठ्यांना तरी उपयोग होतो का? २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था आहे ती) २४ चाचण्या आणि ४,६३१ माणसं होती. सर्दी झाल्यावर घेऊन ती लवकर बरी होते असं ठामपणे दिसलं नाही. आधीपासून घेतलं तर सर्दी होण्याचं प्रमाण किंचित कमी असेल, इतकंच. एक अडचण आहे ती प्रामाणिकपणे सांगतो. कोणी मूळ वापरतं, कोणी पानांचा रस, कोणी एक जात, कोणी दुसरी, त्यामुळे सगळं एका तागडीत घालून मोजता येत नाही. युरोपातल्या बऱ्याच अभ्यासांत पर्प्युरियाच का, याचीही गोष्ट आहे. १९३० च्या दशकात गेरहार्ड माडाउस या जर्मन माणसाने अमेरिकेतून अँगस्टिफोलियाचं म्हणून बी नेलं आणि उगवलं पर्प्युरिया. मग त्याने त्याचंच औषध काढलं.

नेब्रास्काची_काकू

गोळीवाले, कान पकडले. मी मुळांचं वाचून इतकी हुरळले की शेवटच्या ओळी डोळ्यांखालून गेल्या पण डोक्यात शिरल्या नाहीत. मृदुला, माझी मात्रा माझ्यापुरती आहे. मला कसलीच गोळी चालू नाही आणि रॅगवीड माझ्या वाटेला जात नाही. आणि खरं सांगायचं तर माझा घसा अर्काने बरा होतो की तीन दिवस गरम पाणी पिऊन गप्प पडल्याने, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. यंदा चार दिवसांत बरी झाले, गेल्या वर्षी अर्क नव्हता तेव्हा पाच. मला खणायला आवडतं, हे मुख्य कारण.

मृदुला_आयोवा

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाकिटाचा फोटो मागितला. गोळीवाला म्हणाले तीच गोळी. नवऱ्याची जुनी फाइल काढली, त्याची त्वचेवरची चाचणी झाली होती, रॅगवीडपुढे तीन अधिकची चिन्हं. म्हणजे चार जणांच्या घरात हे प्यायला लायक उरले मी एकटी, आणि मला सर्दी होत नाही.

आजारी झाड काढलं. बुंधा धरून ओढलं तर सहज आलं हातात, आणि काकू म्हणाल्या तशाच मेथीच्या मुळ्या. बाकीची पाच आहेत तशी सोडलीयेत, बोंडंही कापली नाहीत.

सासूबाई परवा आल्या. बॅगेत अर्धा किलो सुंठ. काल सकाळी खिडकीतून बघून पहिला प्रश्न, “ही वाळकी खुंटं काढत का नाहीस गं?” मी काही बोलायच्या आत एक गोल्डफिंच पक्षी येऊन बोंडावर उलटा लटकला, उन्हाळ्यातला पिवळा रंग उतरून आता पार शेवाळी झालेला, आणि काट्यांतून एकेक बी उपसायला लागला. आज त्या कपबशी घेऊन तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, काढू नकोस अजून, त्याचं राहिलंय.