यादी तीन स्तंभांत हवी आहे, पण फाइलमध्ये एकच स्तंभ उमटतो

प्रश्न:
माझ्याकडे २४० फाइलनावांची, दर ओळीस एक नाव अशी यादी आहे. ती वरून खाली वाचता येईल अशा क्रमाने तीन स्तंभांत मांडून एका मजकूर फाइलमध्ये साठवायची आहे. लिनक्सवरील ‘कॉलम’ ही आज्ञा टर्मिनलवर चार नीटनेटके स्तंभ दाखवते, परंतु तेच आउटपुट फाइलकडे वळवले की सगळी नावे पुन्हा एकाखाली एक येतात. टर्मिनलची रुंदी २०० अक्षरे असून सर्वांत लांब नाव ४१ अक्षरांचे आहे. बॅशमध्ये (टर्मिनलवरील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘कॉलम्स’ या व्हेरिएबलचे मूल्यही २०० असेच दिसते.

उत्तर:
आउटपुट फाइलकडे गेले की आज्ञेला टर्मिनलची रुंदी विचारता येत नाही. मग ती ‘कॉलम्स’ हे व्हेरिएबल पाहते. पण बॅश ते स्वतःपुरतेच ठेवतो, एक्स्पोर्ट केल्याशिवाय आज्ञेपर्यंत पोहोचू देत नाही. तेव्हा ८० ही ठरावीक रुंदी गृहीत धरली जाते. पुढचा हिशेब असा, की सर्वांत लांब नोंदीच्या पुढची आठची पट ही प्रत्येक स्तंभाची रुंदी ठरते. आपल्या बाबतीत ती ४८ आहे, आणि ८० मध्ये ४८ एकदाच बसतात. टर्मिनलवर २०० मध्ये चारदा बसतात, म्हणून तेथे चार स्तंभ दिसले. लहान ‘सी’ या पर्यायाने रुंदी १५० द्यावी, म्हणजे ८० ओळींचे तीन स्तंभ मिळतील. एका लांबलचक नावासाठी सगळेच स्तंभ रुंद होतात, हा या आज्ञेचा जुना हट्ट आहे. फाइलनावांची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा मात्र प्रत्येक स्तंभाची रुंदी निराळी ठरवते.

दुसरे उत्तर:
यापेक्षा मजकूर पानांत मांडणारी ‘पीआर’ ही आज्ञा वापरावी. तिला वजा तीन एवढे सांगितले की स्तंभ तीनच होतात, रुंदीचे गणित करावे लागत नाही. शीर्षक नको असल्यास ‘टी’ हा पर्याय जोडावा.

पहिल्या उत्तरदात्याची पुरवणी:
गणित येथेही टळत नाही. ‘पीआर’ ७२ अक्षरांची रुंदी धरते, त्यामुळे तीन स्तंभांत प्रत्येकाला २३ अक्षरे मिळतात आणि ४१ अक्षरांचे नाव कोणतीही सूचना न देता कापले जाते. शिवाय ती ६६ ओळींच्या पानांत विचार करते. पहिल्या पानावर १९८ नावे संपतात आणि उरलेली ४२ नावे खाली पुन्हा चौदा-चौदाच्या तीन स्तंभांत सुरू होतात, म्हणजे वरून खाली वाचण्याचा क्रम मध्येच तुटतो. रुंदी आणि पानाची लांबी दोन्ही स्पष्ट दिल्यास मात्र ती उत्तम काम करते.

प्रश्नकर्ता:
रुंदी १५० दिल्यावर तीन स्तंभ मिळाले, आभारी आहे. मात्र एडिटरमध्ये उघडल्यावर दुसरा आणि तिसरा स्तंभ वाकडेतिकडे दिसतात.

उत्तर:
मधली जागा टॅबने भरलेली आहे आणि आपला एडिटर टॅब बहुधा चार अक्षरांचा मानत असावा. आउटपुट ‘एक्स्पँड’ या आज्ञेतून पाइप करून (म्हणजे थेट तिच्याकडे सोपवून) मग फाइलमध्ये साठवावे. ती आठच्या हिशेबाने टॅबच्या जागी साधे स्पेस घालते.