मदत हवी आहे: १९७४ ची माझदा रोटरी पिकअप, सकाळी पांढरा धूर आणि कूलंट गायब

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला काही अंदाज येणार नाही म्हणून पहिल्यापासून लिहितो. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असतो. मार्चमध्ये इथल्या एका बदामाच्या बागवाल्या आजोबांकडून १९७४ ची माझदा रोटरी पिकअप घेतली, त्यांच्या शेडमध्ये १९ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरचं इंजिन, घातलेली पिकअप माझदाने फक्त अमेरिका आणि कॅनडासाठी बनवली, १९७४ ते ७७, सगळ्या मिळून साधारण १५,००० आणि त्यातल्या बहुतेक पहिल्याच वर्षी. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या आणि नेमकी त्याच वेळी ही पेट्रोल पिणारी गाडी बाजारात आली, मग कोण घेणार. ७४ च्या न खपलेल्या गाड्या पुढे ७५ च्या म्हणून विकायची वेळ आली.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आजोबांनी ताडपत्री मागच्या बाजूने उचलली, आणि आधी दिसला तो फाळका. पूर्ण रुंदीभर पत्र्यातच उठवलेली अक्षरं, रोटरी पॉवर, आणि फाळक्याखाली ते गोल टेललॅम्प. अक्षरांच्या खाचांमध्ये बागेतली धूळ बसून अगदी दगडासारखी झाली होती, ती मी नंतर जुन्या टूथब्रशने एकेक अक्षर करून काढली, दोन संध्याकाळी गेल्या. चाकांवरचे पत्रे फुगीर आहेत, साध्या माझदा पिकअपला तसे नसतात. बॅटरी बॉनेटखाली शोधत बसलो होतो तर आजोबा म्हणाले अरे ती मागे हौद्याच्या खाली आहे. इथे हवा कोरडी म्हणून गंज फार नाही, केबिनचे मागचे कोपरे आणि हौद्याचा तळ थोडा गेलाय, तो मला जमेल.

आता इंजिन. १३बी, दोन रोटर, ६५४ चे दोन म्हणजे १३०८ सीसी, वर चार बॅरलचा कार्बोरेटर. टाकी काढून धुतली, पेट्रोलच्या नळ्या सगळ्या बदलल्या, ऑइल बदललं, प्लग काढून प्रत्येक रोटरमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल सोडून चार दिवस ठेवलं, रोज पुलीला पाना लावून हाताने थोडं थोडं फिरवलं. पाचव्या दिवशी सेल्फ मारला आणि तिसऱ्या प्रयत्नात चालू झालं. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आयडलला थोडं अडखळतं आणि जरा रेस केली की सगळं एकसंध होऊन जातं, स्टिअरिंगला थरथर म्हणून नाही.

त्रास असा आहे:

रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो, सुरुवातीला एकाच रोटरवर चालल्यासारखी धडधडते, आणि तीन-चार मिनिटं दाट पांढरा धूर येतो, वास गोडसर. नंतर धूर थांबतो. इथे सकाळी थंडी वगैरे काही नाही सध्या, त्यामुळे नुसती वाफ म्हणता येणार नाही. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर कूलंट कमी होतं आणि जमिनीवर एक थेंब नाही. काटा गरमच्या बाजूला गेलेला नाही अजून.

कॉम्प्रेशन, म्हणजे चेंबरमध्ये दाब किती बनतो ते, पण मोजलं, साध्या गेजची व्हॉल्व्ह काढून, म्हणजे काटा प्रत्येक बाजूला वेगळा उडी मारतो. पुढचा रोटर ९५, ९५, ९० पीएसआय (दाबाचं एकक). मागचा ९०, ६०, ९०.

इथल्या एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं बघितलं न बघितलं आणि म्हणाला हे इंजिन टाकून दे, व्ही-सिक्स बसवून देतो. मला ते करायचं नाही. रोटरी काढली तर त्या फाळक्यावरच्या अक्षरांना काय अर्थ राहिला? लहानपणी आमच्या गावाहून कोल्हापूरला जायला स्वराज माझदा होती, मी पुढे इंजिनच्या झाकणापाशी बसायचो, आणि माझदा हे नाव तेव्हापासून डोक्यात आहे. हे इंजिन मला वाचवायचंय, त्यासाठी काय लागेल ते करायची तयारी आहे.

प्रश्न: हे इंजिन खोलावंच लागेल का, की काही उपाय आहे? मागच्या रोटरची एकच बाजू ६० का? आणि तोपर्यंत गाडी चालवू की नको?

प्रतिसाद (पुण्याहून)

मस्त गाडी हो, फोटो टाका की. रोटरी मी कधी हाताळली नाही, आमचा सगळा हात डिझेलवर, पण पांढरा धूर, गोड वास आणि पाणी कमी होणं ही लक्षणं आमच्याकडे हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, गेल्याची. डिपस्टिकला ऑइल कसं दिसतंय, चहासारखं दुधाळ झालंय का ते आधी बघा. आणि रेडिएटरमध्ये ती लीक बंद करणारी पावडर टाकून बघितली का? बऱ्याच जणांचं काम भागतं.

प्रतिसाद (टोरांटोहून)

पावडर अजिबात टाकू नका. मी अकरा वर्षं आरएक्स-७, म्हणजे माझदाचीच रोटरी स्पोर्ट्स कार, ठेवली होती, दोनदा इंजिन उतरवलंय, म्हणून जरा हक्काने सांगतो.

या इंजिनाला हेडच नाही तर हेड गॅसकेट कुठून. पाच पुडांचा जेवणाचा डबा डोळ्यासमोर आणा: लोखंडी प्लेट, ॲल्युमिनियमचं हाउसिंग, पुन्हा लोखंडी, पुन्हा हाउसिंग, पुन्हा लोखंडी, आणि हे सगळं पुढून मागे जाणाऱ्या लांब बोल्टांनी आवळलेलं. हाउसिंगची आतली पोकळी दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी आणि त्यात तो फुगीर त्रिकोणी रोटर फिरतो. कूलंट या पुडांमधूनच आरपार वाहतं, आणि प्रत्येक सांध्याला रबरी रिंगा असतात, एक आतून एक बाहेरून. आतली रिंग कडक होऊन तडकली की कूलंट सरळ चेंबरमध्ये. गरम इंजिन बंद केल्यावर सिस्टिममध्ये प्रेशर असतं, ते रात्रभर थोडं थोडं आत ढकलतं, सकाळी प्लग ओला, म्हणून एका रोटरवर धडधड आणि मग धूर. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. ५० वर्षांचं रबर, त्यात १९ वर्षं उभं.

आता ९०, ६०, ९०. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन चेंबर, आणि टोकावरचं एपेक्स सील हे शेजारच्या दोन चेंबरच्या मधली भिंत असते. एपेक्स गेलं असतं तर दोन बाजू पडल्या असत्या. तुमची एकच पडलीये, म्हणजे बहुधा त्या बाजूचं साइड सील, रोटरच्या सपाट अंगावरचं, काजळीने खाचेत चिकटलंय. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. आकडे तसे वाईट नाहीत, ८५ च्या खाली जाऊ नये आणि बाजूंमध्ये २१ पेक्षा जास्त फरक नको असा हिशोब असतो, २५० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २५० फेरे असताना. तुमचा सेल्फ जोरात फिरतोय ना ते बघा, बॅटरी अशक्त असेल तर आकडे खोटे येतात.

खोलायच्या आधी खात्री करा. रेडिएटरला हाताने मारायचा प्रेशर पंप लावा, १३ पीएसआय भरा, खालचे दोन्ही प्लग काढा आणि रात्रभर ठेवा. खालचे म्हणजे लीडिंग, वरचे ट्रेलिंग. सकाळी काटा बघा आणि प्लगच्या भोकाखाली पांढरा कागद ठेवा. तोवर गाडी चालवू नका. इंजिनात पाणी राहिलं तर हाउसिंगचं क्रोम आणि सीलं गंजतात, आणि एकदा ओव्हरहीट झालं की प्लेटा वाकतात. रबर दोनशे-तीनशे डॉलरच्या किटमध्ये येतं, चांगलं हाउसिंग शोधायला वर्ष जातं.

प्रतिसाद (हिरोशिमाहून)

मी माझदाच्या गावातच राहते आणि तरी ही पिकअप कधी डोळ्यांनी बघितलेली नाही, कारण जपानमध्ये ती विकलीच नाही, इथे हीच बॉडी प्रोसीड नावाने यायची पण पिस्टन इंजिनवर. माझे ऑफिसमधले एक सीनियर पक्के रोटरीवेडे आहेत, त्यांना तुमचा धागा वाचून दाखवला तर ते इंजिन न बदलण्याच्या तुमच्या निर्णयावर दोनदा मान हलवून छान म्हणाले. त्यांचा एकच निरोप: ऑइल मीटरिंग पंप चालतोय का बघा. कार्बोरेटरच्या लिंकेजला जोडलेला असतो, तो चेंबरमध्ये थोडं ऑइल सोडतो म्हणून सीलं जगतात. बरेच जण ऑइल कमी होतंय म्हणून घाबरून तो बंद करतात आणि मग इंजिन खातात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पुणेकर, ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. ताई, पंपाची दांडी सुटलेली होती! पिन गायब होती, कोणीतरी मुद्दाम काढलीये की पडली कळत नाही, पण बसवली आता. तुमच्या सीनियरना माझा नमस्कार सांगा.

काल रात्री साडेनऊला १३ भरलं आणि खालचे दोन प्लग काढून कागद ठेवले. झोप काही लागली नाही, अडीचला उठून टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो तर काटा ९ वर. सकाळी सहाला ४. पुढच्या रोटरचा कागद कोरडा, मागच्या खाली हिरवा डाग, साधारण पाच रुपयाच्या नाण्याएवढा, आणि भोकाच्या कडेला एक थेंब लोंबत होता, माझ्यासमोर पडला.

म्हणजे इंजिन उतरवायचं. आता पुढचा प्रश्न, टोरांटोकर तुम्हालाच: रबरी रिंगांच्या खाचा या जुन्या १३बीत हाउसिंगमध्येच असतात असं वाचलं, ८६ नंतर त्या प्लेटांमध्ये नेल्या. तर ॲल्युमिनियमची ती कड खाल्ली गेली असेल तर किती चालवून घेता येतं?

प्रतिसाद (टोरांटोहून)

बरोबर वाचलंय. पाण्याच्या भोकांभोवतीची कड नखाने तपासा. नुसती खडबडीत असेल तर साफ करून चालतं, पण आतल्या बाजूची, म्हणजे चेंबर आणि रिंगेच्या मधली कड तुटलेली असेल तर ते हाउसिंग वापरू नका, पुन्हा हेच होईल. खोलताना प्रत्येक सील कुठल्या रोटरच्या कुठल्या खाचेतलं ते लिहून वेगळ्या पुडीत ठेवा, एकात एक मिसळू देऊ नका. बोल्ट एकदम सोडू नका, क्रमाने थोडे थोडे. आणि मागचं फ्लायव्हीलचं मोठं नट काढायला एकट्याची ताकद पुरत नाही, लांब पाइप आणि दुसरा माणूस लागतो.

धागाकर्ता

नखाने तपासतो आणि फोटो टाकतो. फ्रेस्नो, मडेरा, व्हिसेलिया या बाजूला कोणी मराठी आहे का? येत्या शनिवारी सकाळी आठपासून इंजिन उतरवतोय, चेन पुलीची सोय झालीये, त्या नटासाठी एक माणूस हवाय. पोहे आणि चहा माझ्याकडे.