आग नंतर, आधी अंग कोरडं

रानात-डोंगरात वाट चुकली की सगळ्यात आधी आग पेटवा, असं बरेच जण सांगतात. मला नाही पटत. ओल्या काटक्यांशी तासभर झटापट केली की हात गारठतात आणि उजेडही जातो. त्यापेक्षा आधी ओले कपडे बदला, वारा अडेल असा आडोसा बघा आणि बुडाखाली काहीतरी घाला. डोक्यावर छप्पर हवं हे सगळ्यांना सुचतं, पण गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुक्या पानांचा गुडघाभर ढीग भरपूर वाटतो. त्यावर बसलात की चार बोटं उरतो! दाबल्यावर वीतभर राहील इतकी पानं लागतात.

नंतर आग पेटली की पिण्याचं पाणी खळखळून 1 मिनिट उकळा, 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं.

आणि ‘ओढ्याच्या कडेने खाली उतरत राहा’ हा सल्ला तर नकोच. ओढा कड्यावरून उडी मारतो, आपल्याला मारता येत नाही. शिवाय पाण्याच्या आवाजात शोधणाऱ्यांच्या हाका ऐकू येत नाहीत. एका जागी थांबून तीन शिट्ट्या, मिनिटभर कानोसा, पुन्हा तीन. ओरडून घसा बसतो, शिट्टीला फक्त श्वास लागतो.