जुन्या कडप्प्याच्या ओट्यावर ग्रॅनाइटच्या टाइल्स बसवाव्यात का?

रानजाई : आईचा ओटा 7 फूट लांब, 2 फूट रुंद, कडप्प्याचा. लिंबू, चिंच, कोकम सांडून जागोजागी पांढरट डाग पडलेत. सलग ग्रॅनाइट घालायचा तर ओटा फोडा, घरभर धूळ, स्वयंपाक बंद. म्हणून त्याच्यावरच फूट बाय फुटाच्या, 10 मिमी जाडीच्या ग्रॅनाइट टाइल्स स्वतः चिकटवणार आहे. सलग लादीच हवी हा हट्ट मला पटत नाही.

कोकमसार : ताई, अजिबात नको. सांधे मोजलेत का? 14 टाइल्स, म्हणजे 2 फुटांचे सहा आणि मधून 7 फुटांचा एक. एकूण 19 फूट! आमच्याकडे सिमेंट भरलं होतं, हळदीने पिवळं पडलं ते घासूनही गेलं नाही. वर त्यात अडकलेली कणीक रोज कोण कोरून काढणार?

ओळंबा : दोष सिमेंटचा, टाइलचा नाही. सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून करायचं राळेचं मिश्रण, भरा, ते पाणी पीत नाही. फक्त लवकर घट्ट होतं, थोडं थोडंच कालवा. 2 बाय 2 फुटांच्या टाइल्स घेतल्या तर सांधे तीनच, 6 फूट. खरी भीती पोकळीची. खाली हवा राहिली आणि वर नारळ आपटला की टाइल तडकलीच. आधी कडप्प्याचं तेलकटपण धुवा, छिन्नीने टोचून तो खडबडीत करा, मग दातेरी थापीने चिकटवणी सगळीकडे ओढा. आणि कोरडं कापू नका! ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते. पाणी सोडत, मास्क लावून, बाहेर कापा.

पाटावरवंटा : पण झाकायचाच कशाला? कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबटाने त्याची झिलई खाल्ली जाते. ते डाग वरवरचे. पुन्हा पॉलिश करून घ्या, काळाभोर होईल.

कोकमसार : आणि पुढच्या सोलकढीला पुन्हा पांढरा. कोकणी घरात हे दरवर्षी करायचं?

पाटावरवंटा : आंबट सांडलं की लगेच पुसायचं, आमची आजी तेच करायची. शिवाय टाइल आणि चिकटवणी मिळून ओटा अर्धा इंच तरी उंच होणार. वर शेगडी. आईंचा खांदा भरून येईल, त्याचं काय?

रानजाई : उंचीचा विचार मी केलाच नव्हता, आई तर पावणेपाच फूट. फूट बाय फूट रद्द. उद्या 2 बाय 2 ची एकच टाइल आणून शेगडीखाली कोरडी ठेवते. आठवडाभर आईला त्यावर स्वयंपाक करू दे, मग ती सांगेल ते.